आठ दिवस शोकेसमध्ये

रणगाडा आणि स्वयंचलित तोफ यांतला फरक तुम्हाला सांगता येतो का? मोबाइलमध्ये न बघता, प्रामाणिकपणे? मला येत नव्हता. आणि तरीही मी त्यावर पत्रक काढलं होतं. पाचशे प्रती.

पत्रकं काढणं हा आमच्या घरचा आजार आहे. आई-वडील दोघंही चळवळीतले. घरी आलेला पाहुणा चहा प्यायचा आणि जाताना वाटायला पन्नास पत्रकं घेऊन जायचा. बुटांच्या नाड्या बांधायला शिकण्याआधी मी कागदाला तीन घड्या घालायला शिकले. अकराव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं: सोसायटीच्या लिफ्टमध्ये घरकामाच्या बायकांना बंदी का? चेअरमन तावातावाने घरी आले. आईने त्यांना चहा दिला आणि पन्नास पत्रकंही दिली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी नारायण पेठेत झेरॉक्स काढायला गेले होते. झेरॉक्सवाला आणि उदबत्तीवाला यांच्या मधे एक फट आहे. ती फट म्हणजे दुकान आहे हे मला त्या दिवशी कळलं. आत छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांवर चित्रं: रणगाडे, लढाऊ विमानं, पाणबुड्या, धूर, ज्वाळा. दुकानाच्या तोंडाशी एक काचेचं कपाट, रस्त्याकडे तोंड करून. माझं रक्त तापलं. पेठेत, शाळेच्या रस्त्यावर, मुलांना युद्ध विकतायत! तीन दिवसांत पत्रक तयार झालं. मथळा होता ‘मुलांच्या हाती रणगाडे देणाऱ्यांनो, उत्तर द्या!’ खाली रणगाड्याचं मोठं चित्र. पहिली प्रत खुद्द दुकानदाराला द्यायची हे आमच्या घरचं तत्त्व, म्हणून ती घेऊन मी आत गेले.

दुकानदार साठीच्या पुढचे, शाळेत तांत्रिक रेखाचित्रं शिकवून निवृत्त झालेले. कपाळावर भिंग सरकवलेलं. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं आणि माझं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.

“हे आपण लिहिलंत?”

“हो.”

“चित्रही आपणच निवडलंत?”

“हो. का?”

“हा रणगाडा नाही. ही स्वयंचलित तोफ आहे, स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी. वरून उघडी आहे, दिसतंय का? चिलखत पातळ असतं हिचं. आपला विरोध नक्की कशाला आहे? रणगाड्याला की तोफेला?”

“दोन्हींना!”

“मग दोन पत्रकं काढा. एकात भागवू नका.”

मी म्हणाले, मुद्दा तो नाहीच, मुद्दा लहान मुलांचा आहे. काकांनी मान वळवून दुकानाकडे बघितलं. मीही बघितलं. आत एकच गिऱ्हाईक होतं: पन्नाशीचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ, चाकाएवढं तोंड करून एका चाकाकडे बघत होते.

“ह्यांना विचारतो,” काका म्हणाले. “अहो, तुम्ही लहान मूल आहात का?”

“बायको म्हणते तसं,” ते गृहस्थ चाकावरची नजर न हलवता म्हणाले.

मी हरले होते, पण हरल्यावर मागे फिरायचं नाही हेही आमच्या घरी शिकवतात. मी विचारलं, “बंदूक नसलेलं काहीच नाही तुमच्याकडे?”

काका स्टुलावर चढले आणि धूळ झटकून एक खोकं खाली काढलं. “आगीचा बंब. एकशे अठरा तुकडे. ह्यात कोणी मरत नाही, उलट वाचतात. चालेल तत्त्वाला?”

तत्त्वाला चालला. मी बंब घेतला. पैसे दिल्यावर मग त्यांनी नियम सांगितला. पाटीवर नाही, तोंडीच. पहिलं मॉडेल पूर्ण करून आणायचं. ते आठ दिवस त्या काचेच्या कपाटात, म्हणजे शोकेसमध्ये, राहणार. मग दुसरं विकत मिळणार. तोवर रंग, ब्रश, डिंक, पॉलिश पेपर हवा तेवढा घ्या. पण दुसरं खोकं नाही.

“आणि पूर्ण नाही झालं तर?”

“तर आपला दोघांचाही वेळ वाचला.”

आता जे लोक ह्या भानगडीत कधी पडले नाहीत त्यांना सांगते. खोक्यात गाडी नसते. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकटीला फांदीला बोरं लटकावीत तसे तुकडे लटकलेले असतात, नंबर घातलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. खोकं उघडल्यावर नव्या प्लॅस्टिकचा जो वास येतो, तो मला अजून कुठल्याही अत्तरात सापडलेला नाही. पहिला अर्धा तास आपण इंजिनिअर असतो. दुसऱ्या अर्ध्या तासात आपण दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवून बसलेला माणूस असतो. माझी एक संपूर्ण सभा हुकली, कारण अंगठा आणि शिडी एकजीव झाली होती.

तरीही सांगते, त्या बंबाने मला जे शिकवलं ते पंधरा वर्षांच्या मोर्च्यांनी शिकवलं नव्हतं. गप्प बसणं. चाक सुकेपर्यंत सुकणारच नाही, तुम्ही कितीही घोषणा द्या.

सहा आठवड्यांनी बंब शोकेसमध्ये गेला. आणि तेव्हा मला त्या शोकेसचा खरा उपयोग कळला. ते रस्त्याकडे तोंड करून का होतं, तर पेठेतल्या जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर मत देता यावं म्हणून. मी आत स्टुलावर बसून ऐकत होते.

“रंग दिलाय का ओतलाय?”

“बंबालाच आग लागल्यासारखा दिसतोय.”

“शिडी उलटी आहे हो. जळणारा माणूस उतरायचा सोडून वर जायचा.”

एक आजी मात्र बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “पण केलंय हो कुणीतरी.” मी जाऊन त्यांच्या पाया पडणार होते. काकांनी हाताने थांबवलं. “आठ दिवस बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तोही नियम आहे.”

त्या आठ दिवसांनी माझी दुकानाशी दोस्ती झाली. पुढच्या वर्षांत मी ट्रॅक्टर केला, मासेमारीची होडी केली. बंदुकीचं काही केलं नाही. काका दर वेळी विचारायचे, “आज तत्त्वाला काय देऊ?” मी विचारायचे, “काका, तुमचं हे दुकान चालतं कसं?” आणि ते म्हणायचे, “चालत नाही. बसतं. चालायला ते रिमोटचं नाही.”

हा त्यांचा दुखरा दात होता. दिवसातून निदान चार माणसं येऊन विचारायची, हे उडतं का? बॅटरी कुठे घालायची? एकदा एक बाई मुलाला हाताला धरून धापा टाकत आल्या. उद्या शाळेत प्रोजेक्ट द्यायचाय, तयार विमान आहे का? काका म्हणाले, “तयार विमान नाही. तयार मुलगा आणला असतात तर बरं झालं असतं.” त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मुलगा मात्र जाताना तीनदा वळून बघून गेला. कुरिअरवाले डिंक आणायला नाही म्हणायचे, कारण हा प्लॅस्टिकचा डिंक पेट घेतो. हवा तो रंग चार-चार महिने यायचा नाही, आणि नको तो राखाडी रंग दर आठवड्याला यायचा. घरबसल्या मोबाइलवर सगळं मिळायला लागल्यावर तर लोक दुकानात येऊन खोकं हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे, फोटो काढायचे आणि “विचार करून सांगतो” म्हणून निघून जायचे.

पण दुकानाचा गळा खरा आवळला होता तो काकांच्या नियमाने. ते कोणी त्यांना सांगत नव्हतं. लोक पहिलं खोकं हौसेनं नेत, पंख चिकटवत, मग नोकरी, लग्न, पाहुणे, आणि खोकं माळ्यावर. मग दुकानात कुठल्या तोंडाने यायचं? नारायण पेठेतली ती गल्ली टाळून लांबच्या वळशाने जाणारी माणसं मला माहीत आहेत. सभ्य, सुशिक्षित, कर भरणारी माणसं. एकदा आमच्या ओळखीचे एक डॉक्टर रिक्षात मान खाली घालून बसलेले दिसले. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाले, “काका बाहेर उभे आहेत का बघ गं. माझं हेलिकॉप्टर राहिलंय.”

नियमाला न जुमानता येत राहिले ते दोघंच. एक खडकीचे, कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले टर्नर. मूळचे विदर्भातले, पण चाळीस वर्षं खडकीच्या क्वार्टर्समध्ये काढलेली. त्यांनी वाफेचं रेल्वे इंजिन घेतलं होतं आणि ते चार वर्षं संपत नव्हतं. दर शनिवारी पॉलिश पेपर न्यायला यायचे.

“कुठवर आलं इंजिन?” काका विचारायचे.

“पत्र्यावरचे रिव्हेट मोजून राहिलो जी. डाव्या अंगाला एक कमी आहे. कंपनीनंच कमी दिला.”

“मग?”

“मग काय, आता उजव्या अंगाचे पुन्हा मोजतो.”

दुसरा खराडीचा, आयटीतला, तिशीचा. त्याने एक जुनी मोटारगाडी घेतली होती आणि ती अर्धवट होती. एके दिवशी त्याने निळा रंग मागितला. काकांनी भिंग वर केलं. “तुमच्या गाडीत निळं काही नाही.”

“नाही म्हणजे… ॲक्च्युअली काका, एक विमान पण घेतलंय. ऑनलाइन. सेल होता.”

“एक?”

“अकरा.”

“आणि बनवलीत किती?”

“काका, टाइमच मिळत नाही हो. पण ओपन करून बघतो कधीकधी. पार्ट्स बघितले तरी बरं वाटतं.”

काकांनी रंग दिला. पण त्या दिवसापासून ते त्याला “या, गोडाऊन” असं म्हणायला लागले.

आणि मी? माझी रुग्णवाहिका दीड वर्षं टेबलावर पडली होती. डिंकाच्या वाफेने तिच्या खिडक्या धुरकट झाल्या होत्या आणि मला ती तशी शोकेसमध्ये ठेवायची लाज वाटत होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. झेरॉक्सला जायचं निमित्त करून मी दुकानात बसायचे, आणि काका रुग्णवाहिकेचं विचारायचे तेव्हा मी विषय जगातल्या अन्यायाकडे न्यायचे. जगात अन्याय पुष्कळ आहे, विषय पुरतो.

गणपती उठले. शोकेस रिकामं होतं. ते वसंतापासून रिकामं होतं. काका रोज सकाळी काच पुसायचे आणि पुसून झाल्यावर आतल्या रिकाम्या फळीकडे बघत उभे राहायचे. एका शनिवारी, टर्नर आणि मी दोघंही असताना, त्यांनी सांगून टाकलं.

“दिवाळीपर्यंत इथे एकही पूर्ण मॉडेल आलं नाही, तर पाडव्याला दुकान बंद करतो.”

“रंग-ब्रश विकले जातात ना पण,” मी म्हणाले.

“ते रंगाचं दुकान झालं. मी खोकी विकायला बसलो नाही. लोकांनी काहीतरी शेवटपर्यंत करावं म्हणून बसलो. कोणी करतच नसेल, तर मग मी इथे काय करतोय? घरून निरोप आहेच: घरी बसलात तर निदान मटार तरी सोलाल.”

मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्या रात्री जेवायच्या आधीच पत्रक लिहून झालं. ‘पेठेतलं दुकान वाचवा!’ पहिल्या परिच्छेदात मोबाइलवरच्या बाजाराचा धिक्कार. दुसऱ्यात मोठ्या भांडवलाचा. तिसऱ्यात हाताने काम करायचं विसरलेल्या समाजाचा. ज्वलंत पत्रक होतं. वाचनालयाच्या फळ्यावर लावलं, चहावाल्याकडे ठेवलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं. काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांना शोधून हातात दिलं. त्या डॉक्टरांना रिक्षा थांबवून दिलं.

लोक पेटले. दुसऱ्याच रविवारी यायला लागले. आणि रिकाम्या हाताने नाही आले. प्रत्येकाच्या काखेत एक खोकं.

“हे घ्या काका. आमच्यातर्फे दुकानाला.”

“उघडलेलंच नाहीये. नवंकोरं आहे.”

“दोन तुकडेच कापलेत फक्त. परत चिकटवून दिलेत.”

खराडीवाला गाडीची डिकी भरून आला. अकराच्या अकरा, प्लस दरम्यान झालेल्या सेलमधली तीन. “मी इन्स्पायर झालो काका. म्हटलं, आपण सपोर्ट करायला पाहिजे.” डॉक्टरांनी हेलिकॉप्टर आणून दिलं आणि गेली कित्येक वर्षं छातीवर असलेला दगड उतरल्यासारखे मोकळे श्वास घेत, सरळ मान करून गल्लीतून चालत गेले. दुपारपर्यंत दुकानात माणूस उभा राहायला जागा उरली नाही. जे दुकान खोकी पूर्ण होत नाहीत म्हणून बंद व्हायला आलं होतं, तिथे होती त्याच्या दीडपट खोकी जमली. आणि शोकेस रिकामं ते रिकामंच.

काका फूटपाथवर उभे राहून आत बघत होते. आत जायला वाट नव्हती.

“मी दुकान काढलंय,” ते म्हणाले. “अनाथाश्रम नाही.”

घरी आईला सांगितलं. आईने पत्रक वाचलं. “छान आहे,” ती म्हणाली. “लोकांना राग दिलास. काम नाही दिलंस. रागावलेल्या माणसाला काम सांगितलं नाही तर तो हाताला लागेल ते करतो.”

सोमवारी खोकी हलवायला मी आणि टर्नर गेलो. दुकानाला एक लाकडी माळा आहे. टर्नर शिडीवर, मी खालून खोकी देतेय, काका हिशेबी नजरेने बघतायत. अर्धी खोकी वर गेली आणि टर्नर थांबले.

“इथं मागं एक जहाज आहे जी.”

“ते राहू दे,” काका घाईने म्हणाले. काकांना घाईने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

टर्नरांनी जहाज खाली दिलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, शिडाचं, हातभर लांब. मी कागद सोडवला. तीन डोलकाठ्या, केसासारखे बारीक दोर, शिडांवर खऱ्या कापडासारख्या सुरकुत्या, डेकवरची एकेक फळी वेगळी रंगवलेली. इतकं सुंदर काम मी त्या शोकेसमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

“हे कोणाचं?” मी विचारलं. पण कोणाचं ते काकांच्या चेहऱ्यावरून कळतच होतं.

“अर्धवट आहे,” काका म्हणाले. “सुकाणूचं चाक नाही त्याला.”

चाक मसुराच्या डाळीएवढं. बारा वर्षांपूर्वी, शेवटचा तुकडा म्हणून ते काकांनी चिमट्यात धरलं होतं, तेव्हा ते चिमट्यातून उडालं. टिक्, एवढाच आवाज आला. ज्याचा हात कधी थरथरला नाही अशा माणसाच्या चिमट्यातून उडालं. आणि मग मला एकदम कळलं. इतकी वर्षं काका दुकानाचा केर स्वतः काढायचे आणि केर टाकायच्या आधी तो चहाच्या गाळणीतून गाळून बघायचे. मी समजायचे, पेठेतला माणूस आहे, असेल एखादी सवय.

आता माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. मला थांबवायला कोणी नव्हतं.

“काका, म्हणजे तुमचंच मॉडेल अर्धवट आहे?”

“हो.”

“मग तुमच्या नियमाप्रमाणे तुम्हाला दुसरं खोकं मिळायला नको. तुम्ही तर दुकानभर घेऊन बसलायत. नियम सगळ्यांना सारखा असतो की फक्त गिऱ्हाइकांना?”

काकांनी भिंग काढून काउंटरवर ठेवलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “आणि आपली रुग्णवाहिका कुठवर आली?”

मी जगातल्या अन्यायाकडे वळणार होते, पण दोघंही बघत होते. “खिडक्या धुरकट झाल्यात,” मी म्हणाले. “म्हणून आणली नाही. पत्रक लिहिणं सोपं होतं, ते लिहिलं.”

हे मोठ्याने म्हणताना मला माझीच शरम वाटली. पाचशे लोकांना मी हलवलं होतं, आणि माझ्या टेबलावरच्या चार चाकांना हलवलं नव्हतं.

टर्नर इतका वेळ जहाजाकडेच बघत होते. त्यांनी एका खोक्यातली रिकामी चौकट उचलली, तिचा तुकडा मोडला आणि खिशात घातला. “चाकाचं माप द्या जी.”

“नको,” काका म्हणाले. “खोक्यातला भाग हरवलाय. बाहेरचं चाक लावलं तर ते पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही.”

“काऊन नाही म्हणता येणार? कारखान्यात पार्ट गेला तर आपण बनवून लावतो. मशीन बारा वर्षं बंद ठेवते का कोणी? माझ्या हाताखाली कोणी ठेवली असती, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.”

“तुमचं इंजिन चार वर्षं बंद आहे,” काका म्हणाले.

टर्नर एवढे हसले की शिडीला धरून उभे राहावं लागलं. “मग दोघांना गेटबाहेर काढा. पण माप द्या.”

काकांनी माप कागदावर काढून दिलं, तीन बाजूंनी, शाळेत शिकवायचे तसं. टर्नरांनी ते काम घरी जाऊन केलं. चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला की त्याचा केसाएवढा धागा होतो. त्या धाग्याच्या आठ आऱ्या, एक गोल, बाहेर आठ मुठी. चार दिवसांनी ते काड्यापेटीतून कापसावर ठेवलेलं चाक घेऊन आले. काकांनी चिमट्यात धरलं. आम्ही दुकानाचं शटर खाली ओढलं, पंखा बंद केला आणि श्वासही धरला. बाहेर झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. चाक बसलं.

जहाज शोकेसमध्ये ठेवलं तेव्हा दिवाळीला दोन दिवस होते. काका आत स्टुलावर बसले. बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांना पहिल्यांदाच लागू झाला होता.

ही बातमी कशी पसरली मला माहीत नाही. (बरं, माहीत आहे. मी दुसरं पत्रक काढलं होतं. चार ओळींचं: काकांनी स्वतःचं मॉडेल शोकेसमध्ये ठेवलंय. आठ दिवस ते उलट बोलू शकत नाहीत. येऊन बघा. येताना आपलं पूर्ण करून आणा, कसंही.) ज्यांना काकांनी वर्षानुवर्षं बोल लावले होते ते सगळे आले. गल्ली भरली.

“दोर जरा सैल वाटतोय, नाही?”

“अहो, सुकाणूचं चाक बघा. मोठं आहे ते. मापात नाही.”

“वय झालं की होतं असं.”

काका आत लालेलाल होऊन बसले होते. तयार विमान मागणाऱ्या त्या बाईंसारखे बोल खाल्लेले लोक दिवसभर काचेबाहेर येऊन हसून जात होते. संध्याकाळी डॉक्टर आले, बराच वेळ काचेशी नाक लावून उभे राहिले, मग आत येऊन हळूच म्हणाले, “काका, ते हेलिकॉप्टर… परत मिळेल का?”

काकांनी मुकाट्याने माळ्याकडे बोट दाखवलं.

पाडव्याला दुकान उघडं राहिलं. नियम मात्र बदलला. तो काकांनी बदलला नाही, टर्नरांनी घालून दिला आणि काकांनी मान हलवली: शोकेसमध्ये एक पूर्ण मॉडेल आहे तोवर दुकान उघडं. फळी रिकामी झाली त्या दिवशी शटर. जहाजानंतर टर्नरांचं इंजिन आलं. डाव्या अंगाचा रिव्हेट त्यांनी स्वतः ठोकला होता, आणि आठ दिवसांत दोनच माणसांनी मोजून बघितलं. मग माझी रुग्णवाहिका. तिच्या धुरकट खिडक्या बघून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “आतल्या पेशंटला ताप दिसतोय.” मी स्टुलाला घट्ट धरून बसले. खराडीवाल्याने मोटार आणली. एक दार उघडत नाही, पण त्याने ती पूर्ण केली, आणि त्या आनंदात त्याने मला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच्या मोटारीचे आठ दिवस येत्या शनिवारी संपतात. त्यानंतर कोणाचंही काहीही ठरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात हेलिकॉप्टरची शेपटी राहिलीये, अजून पंधरा दिवस लागतील. टर्नरांनी नवीन इंजिन घेतलंय आणि आता त्याचे रिव्हेट मोजायला बसलेत. माझं नवं खोकं कालच उघडलंय. आणि काका काल संध्याकाळी शटरच्या साखळीला तेल देत होते.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणाकडे तरी एखादं विमान असेल ज्याचा एकच पंख लागलाय, एखादी होडी असेल जिचा रंग उरलाय. ती आज टेबलावर घ्या. एक तुकडा आज चिकटवा, एक उद्या. डाग पडू दे, चाक वाकडं बसू दे, उरलेला तुकडा सापडत नसेल तर काडीचा बनवा. आणि शनिवारी संध्याकाळी ती हातात धरून नारायण पेठेत या. बसमध्ये कोणाचा धक्का लागणार नाही इतकं बघा. झेरॉक्स आणि उदबत्तीच्या मधे शोकेस आहे. नाव लिहायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, भाषण करायचं नाही. फळीवर ठेवा आणि आत येऊन आमच्याबरोबर बसा.